खुंटीवरची दाढ

शनिवारी दुपारी बारा वाजता थोरला पहार घेऊन डॉक्टरांचा जिना उखडायला निघाला, आणि आत्याने वर्कशॉपच्या फाटकाला आतून कुलूप घातलं. किल्ली तिने चष्म्याच्या डबीत टाकली, डबी पर्समध्ये टाकली आणि पर्स मांडीवर घेऊन ती फाटकासमोर खुर्ची टाकून बसली.

दोन्ही कारागीर पगार घेऊन नुकतेच गेले होते. घरच्यांचा पगार झाला नव्हता. हा तिसरा महिना.

"आत्या, किल्ली दे."

"जेवलास का?"

"मी गंमत करत नाहीये."

"मी तरी कुठे करतेय? उपाशीपोटी पहार उचललीस तर कमरेत उसण भरेल. मागच्या वेळी शेकत कोण बसलं होतं?"

थोरल्याने पहार भिंतीला टेकवली. आत्याशी भांडताना हातात काही ठेवता येत नाही, हे या घरात लहानपणीच शिकायला मिळतं.

"जिना आपला आहे," तो म्हणाला. "शेवटचा हप्ता आला नाही तोवर आपलाच. आपली वस्तू आपण घरी आणायची, यात वाईट काय?"

"वर पेशंट असतील ना रे. ते खाली कसे येणार? उड्या मारून?"

"तो डॉक्टरांचा प्रश्न."

"आधीच दाढ दुखतेय, वर पाय मोडलेला. चांगलं नाव होईल आपलं."

टेंपोच्या खिडकीतून धाकटीने डोकं बाहेर काढलं. इंजिन तिने केव्हाच सुरू करून ठेवलं होतं. "तुमचं ठरलं की सांगा. डिझेल जळतंय."

"तूसुद्धा?" आत्या म्हणाली.

"त्या जिन्याची एकेक पायरी मी बसवलीय, आत्या. गुडघे बघ माझे. फुकट वापरायला नाही बसवली." मग ती म्हणाली, "आणि ती दाढ मला सहन होत नाही. खरं सांगते."

ती दाढ कुणालाच सहन होत नव्हती.

थोरल्याच्या आजोबांनी, म्हणजे अप्पांच्या वडिलांनी, जिन्यांचा हा धंदा सुरू केला, तेव्हा त्यांनी दोन नियम घालून दिले होते. पहिला असा, की जिन्याच्या तळाशी जो पहिला खांब असतो, त्याच्या डोक्यावरचा लाकडी लट्टू शेवटचा पैसा हाती आल्याशिवाय बसवायचा नाही. तोवर खांबावर नुसती खुंटी उभी राहते. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. कुणाच्या घरी गेलं की आधी नजर खांबाकडे जायची. खुंटी दिसली की पाहुणा काही बोलायचा नाही, पण चहा लवकर संपवायचा. भलेभले लोक त्या खुंटीच्या लाजेने आठवडाभरात पैसे आणून द्यायचे. अप्पांना आयुष्यात वकिलाची पायरी चढावी लागली नव्हती. एका वकिलाच्या घराची पायरी त्यांनी बसवली होती, आणि त्यानेही वेळेवर पैसे दिले होते.

डॉक्टर बाहेरून आलेले. दातांचे डॉक्टर. त्यांनी दवाखाना थाटला, खाली बसायची जागा, वर खुर्ची, मधे अप्पांचा जिना. दोन हप्ते वेळेवर दिले. तिसरा लांबला, खुंटी उघडी राहिली, पेशंट कुजबुजू लागले. डॉक्टरांना कारण समजलं तेव्हा त्यांनी काय करावं? दात कसे घासायचे हे मुलांना दाखवायची फुटबॉलएवढी प्लास्टिकची दाढ त्यांच्याकडे होती. तिच्या बुडाला भोक होतं. ती त्यांनी खुंटीवर बसवली. घट्ट बसली. लहान मुलं येता-जाता तिला थोपटायला लागली आणि आजोबांचा नियम संपला.

फाटकाच्या बाहेरून कुणीतरी कडी वाजवली. सूनबाई बालवाडीतून परत आली होती, खांद्याला पिशवी आणि बोटांना रंग. तिने गजांतून आत पाहिलं. नवरा, पहार, खुर्चीत आत्या, सुरू टेंपो.

"मी थोड्या वेळाने येऊ का?" तिने विचारलं.

"तू ये आत," आत्या म्हणाली. "पण तू आत येताना हा बाहेर जाता कामा नये."

"मग मी इथेच बरी आहे. काय झालंय?"

थोरल्याने सांगितलं. गजांना धरून, हळू आवाजात, बायकोला सांगतात तसं. सूनबाईने ऐकून घेतलं. गुरुवारपासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. तयार जिने बनवणाऱ्या फॅक्टरीत थोरल्याला बोलावणं आलं होतं, सुपरवायझर म्हणून. पगार एक तारखेला. जिने तिथे खोक्यात भरून जातात आणि पैसे आधी येतात. सोमवारी दहा वाजता मॅनेजर फोन करणार होता. हो किंवा नाही, एवढंच सांगायचं होतं. थोरला घरात सगळ्यांसमोर म्हणाला होता, डॉक्टरांचे पैसे आले तर राहतो, नाही तर जातो. तिला वाटलं होतं आपण मनातून 'जा' म्हणू. मुलीची फी होती, घराचं भाडं होतं, 'जा' म्हणायला पुष्कळ कारणं होती. पण आता गजांच्या पलीकडे त्याला असं पाहताना तिच्या लक्षात आलं, की फॅक्टरीत जाण्याआधी तो जिना मोडून जाणार आहे, आणि एकदा स्वतःचं काम मोडलेला माणूस तिच्या घरी परत येईल तो वेगळाच असेल.

"अप्पांना विचारलंत का?" ती म्हणाली.

कुणीच विचारलं नव्हतं.

अप्पा मागच्या शेडमध्ये लेथ मशीनपाशी होते आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांच्या हातात डॉक्टरांच्या जिन्याचा लट्टू होता. तो कधीच तयार झाला होता, तरी ते त्याला पुन्हा पॉलिश करत होते. चार महिन्यांमागे त्यांचे उरलेसुरले दात काढले, तेव्हापासून ते फारसे बोलत नव्हते. दुधात बुडवलेला पाव आणि कुस्करलेले बटाटे खात होते. बोललं की शब्द हिरड्यांवरून घसरायचे, मग ते मान हलवून काम भागवायचे. घरातल्यांनी ते मान्य केलं होतं. त्यांना एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सांगायला दात लागत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं.

सूनबाई शेडच्या मागच्या खिडकीशी आली. "अप्पा, तुमचा मुलगा जिना काढायला निघालाय."

अप्पांनी मान हलवली.

"तुम्हाला चालेल?"

अप्पांनी लट्टू खिशात टाकला, उठले आणि फाटकाकडे गेले. आत्याच्या खुर्चीपाशी उभं राहून त्यांनी एकच शब्द उच्चारला, तोही अर्धा. "न्नको."

"हे पाहा," आत्या थोरल्याला म्हणाली, "तुझे वडील बोलले."

"मग त्यांनीच सांगावं काय करायचं ते. तीन महिने तू फोन करतेयस. काय उत्तर मिळतं?"

"एकच. 'अप्पांना विचारा.' उद्धटपणा नुसता. याला विचारलं तर हा बोळकं दाखवतो."

अप्पांनी चप्पल नीट घातली, जणू चप्पल घालायला बराच वेळ लागतो.

आत्या त्यांच्याकडे पाहत राहिली. ती अप्पांहून सहा वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर ती या वर्कशॉपमध्ये आली आणि तेव्हापासून पैशांचे सगळे व्यवहार तिच्याकडे होते. भावाला ती चांगली ओळखून होती. लहानपणी काचेचं भांडं फोडल्यावरही त्याने असंच चप्पल घालायला घेतली होती.

"चला," ती एकदम उठून म्हणाली. "सगळे चला. पहार इथेच राहील."

"पहारीशिवाय जिना कसा काढणार?" धाकटी म्हणाली.

"काढायचा नाही. त्यावर बसायचं."

*

डॉक्टरांचा दवाखाना शनिवारी दुपारी भरलेला असतो. खालच्या खुर्च्यांवर जागा नव्हती. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "आम्ही पेशंट नाही. पेशन्स संपलेली माणसं आहोत," आणि तिसऱ्या पायरीवर बसली. तिच्या वरच्या पायरीवर धाकटी, मग सूनबाई, मग थोरला. अप्पा सगळ्यात खाली, पहिल्या पायरीवर, खांबाच्या बाजूला. त्यांच्या डोक्यावर ती दाढ होती.

जिना मात्र चांगला झाला होता. वर जाताना उजवीकडे हलकेच वळत होता, आणि कठड्यावर हात ठेवला की हात आपोआप पुढे सरकत होता. थोरल्याने तिथे बसल्या बसल्या अंगठ्याने एक सांधा चाचपला. सांधा हाताला लागला नाही. तो त्यानेच केला होता, आणि त्याला अभिमान वाटला, आणि अभिमान वाटल्याचा राग आला.

गाल सुजलेल्या एका बाई वर जायला निघाल्या. "सरका जरा."

"या ना, या," आत्या म्हणाली. "भिंतीच्या बाजूने या. वाजतो का बघा कुठे."

"काय वाजतो?"

"जिना."

बाई दोन पायऱ्या चढल्या, थांबल्या, एक पाय आपटून पाहिला. "नाही हो. आमच्याकडचा तर करकर करतो."

"कुणी केला?"

"तयार आणला. खोक्यातून."

आत्याने वर थोरल्याकडे पाहिलं. थोरला छताकडे पाहत होता.

"याचे पैसे नाही मिळालेत अजून," आत्या त्या बाईंना म्हणाली.

"अगंबाई!" बाई म्हणाल्या, आणि वर जायच्या ऐवजी त्याच पायरीवर कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. दाढ दुखणं थोडा वेळ थांबवता येण्यासारखं होतं.

असे आणखी तिघे थांबले. वर जायची वाट बुजली आणि वरची खुर्ची रिकामी राहिली. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. तोंडावरचा मास्क हनुवटीवर, वय थोरल्याएवढंच. वरून त्यांना आपला जिना माणसांनी भरलेला दिसला.

"ताई, हे काय?"

"बसलोय."

"पण असं... माझे पेशंट आहेत."

"आमचेही आहेत. तुम्ही. तीन महिने झाले, गुण नाही."

खालून कुणीतरी हसलं. डॉक्टर दोन पायऱ्या खाली आले. "ताई, पैशांसाठी आला असाल तर... मला खरंच कळत नाहीये. मी किती वेळा सांगितलं, अप्पांना विचारा म्हणून."

"त्याला विचारून काय होणार? त्याचे दात तुमच्याकडे."

"तेच तर सांगतोय," डॉक्टर म्हणाले.

मग धाकटीने विचारलं, "तेच म्हणजे?"

"दात जिन्यात धरायचे ठरलं ना, अप्पा?"

वरच्या चार पायऱ्यांवरची चार डोकी एकदम पहिल्या पायरीकडे वळली. अप्पा कठड्याच्या एका गजावर साचलेली धूळ बोटाने पुसत होते.

"अरे," आत्या म्हणाली. फक्त 'अरे'. पण तो 'अरे' काचेच्या भांड्यापासूनचा होता.

अप्पांनी तोंड उघडलं, काही शब्द बाहेर आले, त्यांतला एकही कुणाला कळला नाही. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर वर गेले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचा छोटा डबा होता.

"हे तयार होऊन महिना झाला," ते म्हणाले. "लट्टू बसला की घेऊन जा म्हटलं होतं मी अप्पांना. सगळे विचारतात, डॉक्टर, जिन्याचे पैसे राहिलेत का. राहिलेले नसताना. पण असू दे. आधी बोला."

डॉक्टर पहिल्या पायरीपाशी गुडघ्यावर बसले आणि त्यांनी अप्पांच्या तोंडात दात बसवले. आधी खालचे, मग वरचे. "चावा. सोडा. पुन्हा चावा." त्यांनी बोटाने गालावरून चाचपलं, वरचे दात पुन्हा काढले, खिशातून बारीक कानस काढून कुठेतरी दोनदा फिरवली, फुंकर मारली आणि परत बसवले. अप्पा त्या कानशीकडे पाहत होते. थोरल्याला ती नजर ओळखीची होती. नवीन लाकूड आलं की अप्पा असेच पाहायचे.

"बोला आता."

"मी हो म्हटलं होतं," अप्पा म्हणाले. चार महिन्यांतलं त्यांचं पहिलं स्वच्छ वाक्य. त्यांनाच त्याचा दचका बसला.

"कशाला?"

"हे मेणाचा साचा घासत होते, अक्का. माझ्यासमोर. एवढीशी कानस, आणि हात असा स्थिर... घासता घासता म्हणाले, पैशांची ओढ आहे, खुर्चीच्या कर्जाचा हप्ता थकलाय, हे दात जिन्याच्या पैशांत धरू का. मी म्हटलं, धरा."

"किती धरा?"

अप्पांनी जिभेने नवे दात चाचपले.

"भाव विचारला नाहीस?"

"कसा विचारणार? हातात हत्यार होतं त्यांच्या."

हा आजोबांचा दुसरा नियम. कारागिराच्या हातात हत्यार असताना त्याला भाव विचारायचा नाही, हात बिघडतो. वर्कशॉपच्या दाराशी कुणी गिऱ्हाईक रंधा चालू असताना 'किती होतील' म्हणालं, तर आजोबा त्याला बाहेर बसवून ठेवत.

"हत्यार खाली ठेवल्यावर विचारायचं!" आत्या म्हणाली.

"ठेवलंच नाही त्यांनी. एक झालं की दुसरं उचलायचे."

गाल सुजलेल्या बाई हसायला लागल्या आणि लगेच गाल धरून बसल्या.

"आणि मला काय सांगितलंस? 'दातांचं मी पाहतो. हिरड्या भरायच्यात अजून.' महिनाभर हिरड्याच भरतायत तुझ्या!" आत्याचा आवाज चढला. थोरल्याला अडवायला तिने दुपारी फाटकाला कुलूप लावलं होतं. आता तिची मूठ पर्सवर अशी आवळली होती की पहार बरोबर आणली नाही ते बरंच झालं. "माझ्या आयुष्यात कुणाचा एक पैसा बुडू दिला नाही मी. आणि तू सगळा हप्ता तोंडात घालून बसलास."

"सगळा नाही," अप्पा म्हणाले. "मला वाटलं थोडा."

"मला वाटलं सगळा," डॉक्टर म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही एकाच वेळी लाज वाटली.

थोरला हिशेब करत होता. म्हणजे आपण तीन महिने बिनपगारी राबलो ते अप्पांच्या दातांसाठी, एवढं त्याच्या डोक्यात नीट मांडून झालं होतं. बोलायची वाक्यंही तयार होती. तो वडिलांकडे पाहत होता. गाल भरले होते, ओठ पुढे आले होते, हनुवटी जागेवर गेली होती. ज्या माणसाने त्याला रंधा धरायला शिकवला तो माणूस पहिल्या पायरीवर बसला होता. ज्या बोळक्या तोंडाची तो चार महिने कीव करत होता ते तोंडच राहिलं नव्हतं, आणि तयार वाक्यं कुणाला ऐकवावीत हे त्याला कळेना.

"तीन महिने, अप्पा," तो एवढंच म्हणाला.

"हो," अप्पा म्हणाले. "रोज सांगणार होतो."

"दादा, जाऊ दे," धाकटी म्हणाली.

"तू टेंपो चालू करून बसली होतीस ना?"

"तेव्हा मला वाटत होतं डॉक्टर लबाड आहेत. अप्पाच आहेत म्हटल्यावर काय करणार?"

सूनबाई इतका वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत होती. बालवाडीत मुलांना वाचून दाखवते त्या आवाजात, बोट समोर धरून, ती म्हणाली, "दातांचा पूर्ण संच, वरचा आणि खालचा." आणि त्यापुढचा आकडा वाचला.

दवाखान्याचा दरफलक होता तो. काउंटरच्या मागे, काचेत. डॉक्टरांनीच लावलेला.

"आपला हप्ता याच्या दुप्पट होता ना, आत्या?"

"दुपटीहून थोडा जास्तच," आत्या म्हणाली. तिचा श्वास जागेवर येत होता.

"तो साध्या संचाचा दर आहे," डॉक्टर म्हणाले. "हे वेगळे आहेत. प्रत्येक दात हाताने घासलाय मी."

"हो, वेगळे आहेत," अप्पा म्हणाले. "काम फार सुरेख आहे, अक्का. हे बघ, इथे—"

"तू दात काढून ठेव आधी!" आत्या ओरडली.

या वेळी सगळा जिना हसला. डॉक्टरही हसले, नको असताना. हसून झाल्यावर ते पायरीवरच बसले, आत्याच्या शेजारी, आणि हातमोजे काढत हळू आवाजात म्हणाले, "ताई, खरं सांगू? अप्पांनी 'धरा' म्हटलं तेव्हा किती ते मीही विचारलं नाही. मला माहीत होतं विचारलं तर कमी निघेल."

"हे बरं बोललात."

"सगळे एकदम नाही जमणार. कर्जाचा हप्ता—"

"कर्ज आम्हालाही कळतं," सूनबाई म्हणाली. "दरफलकाएवढे दातांचे धरा. हाताने घासले त्याबद्दल वर थोडे, ते अप्पांच्या पगारातून. उरले त्यांतले निम्मे आज, निम्मे पुढच्या महिन्यात."

"अप्पांचा पगार?" धाकटी म्हणाली. "तो कुठे असतो?"

"आता असेल."

डॉक्टरांनी काउंटरवरच्या मुलीकडून चेकबुक मागवलं. पायरीवर बसूनच चेक लिहिला. आत्याने चष्मा लावण्यासाठी डबी उघडली तेव्हा वर्कशॉपची किल्ली खाली पडली, ती गाल सुजलेल्या बाईंनी उचलून दिली. आत्याने चेक दोनदा वाचला, उजेडात धरला, पर्समध्ये ठेवला.

"आणि लट्टू?" डॉक्टरांनी विचारलं.

चेक म्हणजे पैसा नव्हे, आणि निम्मा म्हणजे सगळा नव्हे. आजोबांच्या हिशेबाने खुंटी उघडीच राहायला हवी होती. सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी खिशातून लट्टू काढला. हातात फिरवला. मग वर, थोरल्यापुढे धरला.

"तू ठरव."

"मी का?"

"मी ठरवलेलं बघितलंस ना आत्ता."

थोरला उठला आणि माणसांमधून वाट काढत खाली आला. त्याने आधी खुंटीवरची दाढ काढली. ती घट्ट बसली होती, दोन हातांनी ओढावी लागली. ती त्याने आत्याच्या मांडीवर दिली. मग लट्टू खुंटीवर ठेवला, अर्धा वळसा फिरवून लाकडाच्या रेषा खांबाच्या रेषांशी जुळवल्या आणि तळहाताने एकदा दाबला.

"सरस लावला नाहीये," तो डॉक्टरांना म्हणाला. "कुणीही उचलून नेऊ शकतं."

"सरस कधी?"

"बघू."

परतताना अप्पा आणि थोरला टेंपोच्या मागे बसले, धाकटीने मुद्दाम तशी सोय केली होती. मग अप्पा म्हणाले, "फॅक्टरीत जिना कोण बसवतं रे? म्हणजे घरी नेल्यावर?"

"गिऱ्हाईकच. आत कागद असतो, चित्रांचा."

अप्पांनी मान हलवली. मग आता मान हलवायची गरज नाही हे आठवून म्हणाले, "जायचं तर जा. माझ्यामुळे राहू नकोस, माझ्यामुळे जाऊही नकोस."

"तुमचे दात वाजतायत," थोरला म्हणाला.

"खड्डे आहेत."

सोमवारी बँक उघडताच आत्याने चेक भरला. वटला की नाही ते बुधवारपर्यंत कळेल, असं तिला सांगण्यात आलं. दहा वाजता, फॅक्टरीच्या मॅनेजरने दिलेल्या वेळी, वर्कशॉपचा फोन वाजला. थोरला तेव्हा शाळेच्या नव्या जिन्याच्या दोन फळ्या जोडत होता आणि त्याचे दोन्ही हात सरसाने भरले होते. सरस लावल्यावर सांधा दाबून धरावा लागतो, सोडता येत नाही.

"उचलू का?" आत्याने विचारलं.

"वाजू दे," तो म्हणाला.

अप्पा लेथपाशी होते. त्यांनी मशीन बंद केलं, पण वळून पाहिलं नाही. सूनबाई बालवाडीत होती. फोन वाजून थांबला. आत्याने सुस्कारा टाकायच्या आत तो पुन्हा वाजू लागला, आणि सांधा अजून सुकायचा होता.